हसणारा धर्म, हसणारं तत्त्वज्ञान

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं की धर्मासारख्या गंभीर विषयात विनोद कशाला आणायचा? आज या प्रश्नाचाच थोडा इतिहास पाहू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. विनोद हा नीतीचा विषय आहे हे प्राचीनांना नीट माहीत होतं. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात विदूषकी करणारा आणि अजिबात न हसणारा अशा दोन टोकांच्या मध्ये खरा विनोदी माणूस बसवला, आणि तो सद्गुणांत गणला. आपल्याकडे भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचं, तर अपहसित आणि अतिहसित अधम प्रकृतीचं. म्हणजे माणूस कसा हसतो यावरून त्याची पारख व्हायची. कुणाला हसावं, हा प्रश्न मात्र उरतोच. त्यासाठी आपण पैठणला जाऊ.

सोळावं शतक. पैठण निजामशाहीच्या मुलखात. एकनाथ महाराज संस्कृतातले पंडित, १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करणारे. हाच माणूस भारुडं लिहितो. भारुडात कोण बोलतं? वेडी, बहिरा, आंधळा, जोशी, विंचू चावलेला माणूस. एका भारुडातली सासुरवाशीण देवीला नवस करते की सासरा, सासू, नणंद सगळ्यांची वाट लाव आणि मला एकटीला राहू दे. गावात बायका पदर तोंडाला लावून हसणारच! हसून झालं की अर्थ उलगडतो : ही बाई संसाराच्या पाशांतून सुटायला बघते आहे. हसताना माणसाचं मन सैल पडतं, आणि सैल पडलेल्या मनात विचार शिरतो. ही भारुडाची युक्ती.

पण नाथांची सर्वांत धाडसी रचना म्हणजे ‘हिंदू-तुर्क संवाद’. दोघं समोरासमोर येतात आणि सुरुवातच शिव्यांनी होते. एक दुसऱ्याला काफर म्हणतो, दुसरा म्हणतो, लांब हो, मला विटाळ होईल. मग तुर्क हिंदूंच्या पुराणांतल्या देवांच्या अडचणीच्या गोष्टी एकेक काढतो, त्यांच्या स्नानाची पाणपक्ष्यांशी तुलना करतो. हिंदूही मागे राहत नाही. देव सगळीकडे आहे म्हणता, मग तोंड एकाच दिशेला का करता, असं विचारतो.

यात गंमत काय आहे बघा. समोरच्याची चूक दोघांनाही स्वच्छ दिसते. प्रत्येकाचा टोला बरोबर बसतो, आणि लगेच तसाच टोला त्याला स्वतःला बसतो. जो श्रोता पहिल्या टोल्याला टाळी देतो, त्याला दुसऱ्या टोल्याला गप्प बसता येत नाही. तत्त्वज्ञानात ज्याला उपरोध म्हणतो तो हाच. बोलणाऱ्याला जे दिसत नाही ते ऐकणाऱ्याला दिसतं, आणि मग ऐकणारा स्वतःकडे बघतो. शेवटी दोघं एकमेकांना नमस्कार करून आलिंगन देतात. भांडण मिटतं, पण कोणी हरत नाही. दोघांचीही घमेंड तेवढी जाते.

आता दुसरी बाजू, कारण इतिहास एकांगी सांगू नये. नाथांच्या ‘जोहार’ भारुडांत महार बोलतो आणि मोठा अध्यात्मबोध करतो. त्या काळात एका ब्राह्मणाने ते लिहावं ही मोठीच गोष्ट. तरीही तो आवाज उसना होता. ज्याचा स्वतःचा आवाज होता तो चोखामेळा, नाथांच्या दोनेकशे वर्षं आधीचा. त्याची बायको सोयराबाई विचारते की विटाळाशिवाय कुठला देह जन्माला आला? हाही उपरोधच, पण सोसणाऱ्याचा. त्याला धार वेगळी. आणि इतकं सगळं होऊन, शतकानुशतकं भारुडं गाऊन, पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना कधी उघडलं? १९४७ साली, साने गुरुजींनी मे महिन्यात उपोषण केल्यावर. म्हणजे हसणं कधी कधी वाफ जिरवण्याचं साधनही होतं. रात्री पोट धरून हसायचं आणि सकाळी पुन्हा तोच विटाळ पाळायचा.

म्हणून मला गाडगेबाबा महत्त्वाचे वाटतात. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, निधन १९५६. मी त्यांना वऱ्हाडी सॉक्रेटिस म्हणतो. सॉक्रेटिस आपल्याला काही येत नाही म्हणत प्रश्न विचारायचा, तसेच बाबा अडाण्याचा आव आणून कीर्तनात विचारायचे : देवाला आंघोळ कोण घालतं? धोतर कोण नेसवतं? नैवेद्याला कुत्र्याने तोंड लावलं तर त्याला हाकलतं कोण? श्रोते हसत हसत उत्तर द्यायचे, आणि ते उत्तर त्यांचंच असायचं. बाबांनी काही सांगितलेलंच नसायचं! कर्ज काढून जेवणावळी, बकऱ्याचा बळी, दारू, शिवाशिव, सगळं याच रीतीने उलगडायचं.

पण कीर्तनाच्या आधी त्यांच्या हातात खराटा असायचा. गाव झाडून झालं की मग बोलायचं. पंढरपूरला त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. नाथांच्या हसण्यात जे अपुरं राहिलं होतं, ते इथे कृतीने पुढे गेलं.

आज आपल्या भावना फार लवकर दुखावतात, आणि मोबाइलवर दुसऱ्याच्या धर्माची टर उडवणं तर त्याहून सोपं झालं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदतात! अशा वेळी आपल्या विनोदाला दोन प्रश्न विचारावेत. हा टोला फिरून माझ्यावर आला तर मी हसेन का? आणि ज्याला हसतो आहे तो माझ्याहून बलवान आहे की दुबळा? दुबळ्याला हसायला ना बुद्धी लागते, ना धैर्य.

धर्मात विनोद कशाला, या प्रश्नाला माझं उत्तर असं : श्रद्धा खरी असेल तर ती हसण्याने मोडत नाही. नाथ वारकरीच राहिले, बाबांनी कीर्तन सोडलं नाही. हसण्याने मोडतो तो अहंकार. तो मोडला म्हणून रडायचं कारण नाही.

इथे थांबतो. आता प्रश्न विचारा, शक्यतो अडचणीचे.