स्त्रियांची बांबूउडी आणि मल्लखांबाचा प्रदेश

बांबूउडी, म्हणजे धावत येऊन लवचिक काठी जमिनीतल्या खोलगट पेटीत रोवणे आणि तिच्या आधाराने उंच आडव्या दांडीपलीकडे जाणे, हा खेळ ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी 1896 पासून होता. स्त्रियांना मात्र 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत थांबावे लागले, आणि तेथे अमेरिकेची स्टेसी ड्रॅगिला 4.60 मीटर उडी मारून पहिली विजेती ठरली. या 104 वर्षांच्या विलंबाचे कारण स्त्रीदेहाच्या मर्यादेत शोधणे व्यर्थ आहे, कारण 1992 मध्ये 4.05 मीटर असलेला स्त्रियांचा जागतिक विक्रम 2009 पर्यंत 5.06 मीटरवर पोहोचला.

या चढणीचा शेवटचा टप्पा मुख्यतः रशियाच्या येलेना इसिन्बायेवाचा. व्होल्गोग्राद येथे 1982 मध्ये जन्मलेली ही मुलगी पाचव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स शिकत होती, पण त्या खेळाच्या मानाने फार उंच झाल्यामुळे पंधराव्या वर्षी तिला तो सोडावा लागला आणि प्रशिक्षकांनी तिला बांबूउडीकडे वळवले. तिची जुनी विद्या वाया गेली नाही. धावण्याचा वेग काठीच्या वाकण्यात साठतो आणि काठी सरळ होताना खेळाडूला वर फेकते, पण त्या क्षणी पाय आकाशाकडे आणि डोके जमिनीकडे ठेवून अंग सावरणे ही कसरतपटूचीच कला असते. 2004 आणि 2008 ची ऑलिंपिक सुवर्णपदके तिने मिळवली, त्यांच्या दरम्यान, जुलै 2005 मध्ये लंडनला, 5 मीटर उंची पार करणारी ती पहिली स्त्री ठरली. 2009 च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत तिला एकही उंची ओलांडता आली नाही, आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस झुरिकमध्ये तिने 5.06 मीटरचा विक्रम केला.

उभ्या आधारावर उलटे होण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, पुढे दोरीच्या मल्लखांबावर मुलीही तयार झाल्या, आणि हिमानी परब हिला 2021 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तरीही स्त्रियांच्या बांबूउडीचा राष्ट्रीय विक्रम तमिळनाडूकडे गेला: व्ही. एस. सुरेखाचा 2014 मधील 4.15 मीटरचा विक्रम तिच्याच राज्यातील रोझी मीना पॉलराजने 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 4.20 मीटर उडी मारून मोडला. मल्लखांबाची दोरी गुंडाळून पिशवीत मावते. बांबूउडीची काठी चार मीटरच्या आसपास लांब असते, घडी होत नाही, आणि तिच्यासोबत धावपट्टी व जाड गादी लागते, त्यामुळे मिरा-भाईंदरसारख्या लोकलवर जगणाऱ्या शहरातील मुलीपुढे उंचीच्या आधी काठी मैदानापर्यंत नेण्याचाच प्रश्न उभा राहतो.