निकाल तसा पैसा : एका जुन्या प्रयोगाची गोष्ट

आजचा विषय शिक्षकांच्या मूल्यमापनाचा आहे. पण सुरुवात माझ्या गावच्या शाळेपासून करतो.

आमच्याकडे वर्षातून एकदा ‘दिपोटी’ यायचे, म्हणजे शाळा तपासणारे साहेब. आदल्या दिवशी शाळा सारवली जायची, गुरुजी ठेवणीतला सदरा काढायचे. आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला हळूच सांगायचे, “उद्या तू येऊ नकोस.” त्याला पाढे येत नसत. तो शेळ्या घेऊन माळावर जायचा, आणि तपासणी छान पार पडायची. गुरुजी वाईट नव्हते हो. मग ते असं का वागत? याचं उत्तर मला फार पुढे, इतिहास वाचताना सापडलं.

1862 साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो या शिक्षणमंत्र्याने नवी नियमावली लागू केली. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेला सरासरी हजेरीवर मुलामागे 4 शिलिंग मिळणार. शिवाय सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलामागे 8 शिलिंग, पण ते परीक्षेवर. वाचन, लेखन, अंकगणित असे तीन विषय. एकात नापास झालं की 2 शिलिंग 8 पेन्स कापले. मुलाच्या एका चुकलेल्या बेरजेला बाजारभाव आला म्हणा ना!

लोचा हेतू अगदीच वावगा नव्हता. शिक्षक वरच्या वर्गातल्या हुशार पोरांकडे लक्ष देतात, बाकीची तशीच शाळा सोडतात, असं त्याआधीच्या न्यूकॅसल आयोगाने म्हटलं होतं. लोकांच्या पैशाचा हिशोब मागू नये असं कोण म्हणेल? व्यवस्था स्वस्त नसेल तर निदान कार्यक्षम असेल, आणि कार्यक्षम नसेल तर निदान स्वस्त असेल, अशी लोची ग्वाही होती. प्रत्यक्षात ती स्वस्त झाली. आठ लाख पौंडांच्या वर असलेलं अनुदान 1865पर्यंत साडेसहा लाखांच्याही खाली आलं.

आणि वर्गात काय झालं? मुलं वाचनाचं पुस्तकच पाठ करू लागली. पुस्तक उलटं धरलं तरी काही जण घडाघडा ‘वाचत’! परीक्षेत नसलेले विषय मागे पडले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा तपासनीस होता. त्याने पहिल्यापासून या पद्धतीवर टीका केली. दुसरा एक तपासनीस, एडमंड होम्स, याने ती अनेक वर्षं राबवली आणि निवृत्तीनंतर, 1911 साली, पुस्तक लिहून तिचे वाभाडे काढले. तोवर ती इंग्लंडमधून केव्हाच गेली होती.

पण ती आपल्याकडेही आली होती. मुंबई इलाख्यात खासगी शाळांना अनुदान देताना हेच तत्त्व वापरलं गेलं. 1882च्या हंटर आयोगाने तर प्राथमिक शाळांचं अनुदान बऱ्याच अंशी निकालावर ठेवावं, अशी शिफारस केली.

याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आपलं निवेदन ठेवलं. शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपल्याला ठाऊक असते. शिक्षकांबद्दल ते काय म्हणतात, तिकडे मात्र लक्ष जात नाही. शिक्षक प्रशिक्षित हवा. त्याला 12 रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात 15 ते 20 हवा. जास्त मुलं पास करणाऱ्याला खास भत्ता द्या, असंही ते सांगतात. म्हणजे निकालाचं त्यांना वावडं नव्हतं. पण तो भत्ता पगाराखेरीज! आधी पोटाची सोय, मग शाबासकी. आणि वर्षातून एकदाची तपासणी फारशी कामाची नाही. ती निदान दर तीन महिन्यांनी करा, शिवाय अधूनमधून न कळवता जा.

‘न कळवता’ हा शब्द वाचला आणि मला आमचा माळ आठवला. ठरलेल्या दिवशीची परीक्षा शाळेचा देखावा तपासते. शाळा तपासायची तर कुठल्याही मंगळवारी जायला हवं.

हा इतिहास उगाळतो कशासाठी? अमेरिकेने 2002 साली कायदा केला की 2014पर्यंत सगळी मुलं ठरावीक चाचण्यांत पात्र ठरली पाहिजेत; नाहीतर शाळेवर कारवाई. 2011 साली अटलांटा शहरात चौकशी झाली, तेव्हा 44 शाळांत गैरप्रकार निघाले. शिक्षकांनीच उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या होत्या. लोच्या काळात मुलं पुस्तक पाठ करत. इथे गुरुजींनी खोडरबर हातात घेतलं.

परीक्षा हवीच. मुलाला काय येत नाही, हे कळल्याशिवाय शिकवणार काय? वैद्य नाडी बघतो ती औषध देण्यासाठी. पण नाडी बिघडलेली निघाली तर वैद्याचाच पगार कापायचा ठरवलं, तर तो आजारी माणसाला दारातच उभं करणार नाही.

माझ्या शेजारच्या त्या मुलाचं असंच झालं. ज्याला गुरुजींची सगळ्यात जास्त गरज होती, तोच नेमका त्या दिवशी शाळेत नको होता. पुढे तो आलाच नाही. हजेरीपटावर कधीतरी त्याच्या नावापुढे रेघ पडली असेल. त्या वर्षीचा शेरा मात्र ‘समाधानकारक’ असा होता.