खुणेचा आकार, खुणेचं काम

१९३९ साली डिरॅकने क्वांटम मेकॅनिक्ससाठी, म्हणजे पुंजयामिकीसाठी, नवी लेखनपद्धती मांडली. इंग्रजीतला ‘ब्रॅकेट’ हा शब्दच त्याने तोडला. डावा तुकडा ‘ब्रा’, उजवा ‘केट’. ब्रा आधी आणि केट नंतर, ⟨अ|ब⟩, असं जोडलं की एक संख्या मिळते. क्रम उलटा केला, |ब⟩⟨अ|, तर संख्या नव्हे, एक क्रियाकारक मिळतो. खुणा त्याच, अर्थ निराळा.

आम्ही कागदावर कोनी कंसाऐवजी बेधडक ‘पेक्षा लहान’चं चिन्ह काढत असू. वाचणारा समजून घेई. पण डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ साली आणलेलं ‘टेक’ समजून घेत नाही! त्याच्या लेखी ‘पेक्षा लहान’ हे दोन राशींमधलं संबंधचिन्ह, म्हणून ते त्याच्या आजूबाजूला जागा सोडतं. कंस मात्र आतल्या अक्षराला बिलगून बसायला हवा. त्यासाठी ‘लँगल’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. म्हणजे दिसतं कसं, याआधी ‘हे इथे काय काम करतं?’ याचं उत्तर द्यावं लागतं.

आम्ही तत्त्वज्ञानवाले आयुष्यभर विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारत आलो. तो आम्हाला परत विचारला, तो एका जुळारी यंत्राने.