किल्ट कुणी घालावा? चौकड्यांच्या एका कापडाची गोष्ट

(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काही जणांनी मला दारातच विचारलं, "सर, पनवेलात स्कॉटलंडचं काय काम?" प्रश्न बरोबर आहे, पण विषय मी काढलेला नाही, तो माझ्याकडे चालत आला. माझा एक जुना विद्यार्थी, इथलाच, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, सध्या स्कॉटलंडमध्ये शिकतोय. पदवीदान जवळ आलं तेव्हा त्याचा फोन आला. "सर, इथे सगळी मुलं त्या दिवशी किल्ट घालतात. मित्र म्हणतात, तूही घाल. पण टार्टन घराण्याचं असतं म्हणतात. माझं तर तिथे कुणीच नाही. मी घातला तर ते सोंग होईल का?"

मी त्याला म्हटलं, दोन दिवस दे. त्या दोन दिवसांत जे वाचलं, आठवलं, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी वस्तू काय आहे ते बघू. किल्ट म्हणजे पुरुषांनी कमरेला गुंडाळायचं, मागे चुण्या घातलेलं, गुडघ्यापर्यंतचं लोकरी वस्त्र. चांगल्या किल्टला आठ वार कापड लागतं असं म्हणतात. म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. (हशा) आणि टार्टन म्हणजे त्या कापडावरची चौकड्यांची नक्षी. उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम, तोच आडव्या धाग्यांत. क्रम बदलला की टार्टन बदललं. समजूत अशी की प्रत्येक कुळाचं, त्यांच्या भाषेत क्लॅनचं, टार्टन ठरलेलं. मॅकडोनाल्डचं वेगळं, कॅम्पबेलचं वेगळं, आणि हे सगळं हजारो वर्षांपासून चालत आलेलं.

आता ही समजूत जरा तपासू या. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागाला हायलँड्स म्हणतात. तिथले लोक चौकड्यांचं कापड फार पूर्वीपासून विणत आणि वापरत होते, यात वाद नाही. पण ते नेसायचे ती एक लांबच लांब घोंगडी. ती कमरेला पट्ट्याने आवळायची आणि वरचा भाग खांद्यावर घ्यायचा. थंडीत तीच पांघरायची, रात्री तीच अंथरायची. आपल्या धनगराच्या घोंगडीसारखी बहुगुणी. आजचा आखूड किल्ट म्हणजे तिचा फक्त खालचा अर्धा भाग.

तो अर्धा भाग वेगळा कुणी केला? १७६८ सालचं एक पत्र आहे, ते १७८५ मध्ये छापून आलं. पत्र लिहिणारा स्वतः हायलँडचा. तो सांगतो की साधारण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी टॉमस रॉलिन्सन नावाच्या माणसाने ग्लेनगॅरीच्या जहागिरीत लोखंड गाळण्याची भट्टी काढली. भट्टीवरच्या मजुरांना ती लांब घोंगडी अडचणीची व्हायची, म्हणून त्याने खालचा भाग कापून वेगळा शिवून घेतला. आणि हा रॉलिन्सन होता इंग्रज! यावर इतिहासकारांमध्ये वाद आहे. काही जण म्हणतात, आखूड किल्ट त्याच्या आधीही होता. तो वाद मी इथे सोडवत नाही. पण ज्या वस्त्राला आज घराण्याची अस्सल खूण समजतात, त्याच्या जन्मकथेतच एक परका कारखानदार उभा आहे, एवढं ध्यानात ठेवा.

पुढे १७४६ साल. १६ एप्रिलला कलोडनच्या माळावर हायलँडच्या बंडखोर फौजेचा इंग्रजी राजसत्तेने पराभव केला. त्यानंतर कायदा आला. हायलँडमधल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी हा पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार काळं पाणी. सवलत एकालाच होती, सरकारी फौजेतल्या सैनिकाला. म्हणजे स्वतःच्या घरी किल्ट घातला तर गुन्हा, आणि राजासाठी लढताना घातला तर गणवेश.

ह्याच हायलँडर पलटणी पुढे जगभर गेल्या. आपल्याकडेही आल्या. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई तुम्हाला माहीत आहे. आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांसमोर आर्थर वेलस्ली उभा होता. त्याच्या गोऱ्या पायदळात ७४ वी आणि ७८ वी, अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. ७४ वीची तर त्या दिवशी जवळजवळ चाळणच झाली. तेव्हा महाराष्ट्राची आणि हायलँडची ओळख ही अशी झालेली आहे, तोफेच्या तोंडावर. आणि त्याच परंपरेतून आलेले बॅगपाइप आज भारतीय लष्कराच्या कितीतरी रेजिमेंट अभिमानाने वाजवतात. ते आता परके राहिलेत का? नाही ना.

१७८२ मध्ये पोशाखबंदीचा कायदा रद्द झाला. पण तोवर छत्तीस वर्षं गेली होती. सामान्य माणूस ते कापड सोडून पँटला सरावला होता. मग ते परत कुणी उचललं? शहरातल्या सभ्य लोकांनी. लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ मध्ये कुळप्रमुखांना कळवलं की आपापल्या कुळाच्या टार्टनचा नमुना सही-शिक्क्यानिशी पाठवा. आणि झाली पंचाईत! अनेक प्रमुखांना आपलं टार्टन कोणतं हेच ठाऊक नव्हतं. मग चौकशी कुठे करायची, तर विणकराकडे. बॅनॉकबर्न गावात विल्सन नावाची पेढी होती, फौजेला कापड पुरवणारी. तिच्या वहीत नक्ष्यांना आकडे होते आणि हळूहळू त्या आकड्यांना नावं मिळत गेली.

ह्यू ट्रेव्हर-रोपर नावाच्या इतिहासकाराने १९८३ च्या आपल्या लेखात एक उदाहरण दिलंय, ते ऐकून मी थांबलोच. आज मॅकफरसन कुळाचं म्हणून मिरवतं ते टार्टन विल्सनच्या वहीत १५५ नंबरचं होतं. किड नावाचा एक गिऱ्हाईक ते घाऊक घ्यायचा. कशासाठी? वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांना कपडे करायला. तेच कापड पुढे सरदाराच्या घराण्याची खूण झालं.

मग १८२२. राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला. जवळजवळ १७० वर्षांनी राजा स्कॉटलंडच्या भूमीवर आला होता. सोहळ्याची मांडणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्याकडे. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, टार्टन घालून या. राजानेही घातलं, खाली कातडीच्या रंगाचे तंग मोजे चढवून! वीस वर्षांनी, १८४२ मध्ये, दोन भावांनी एक ग्रंथ काढला. सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितावरून घेतला म्हणाले, त्यात ७५ टार्टनं. हस्तलिखित बनावट निघालं. पण त्यातली बरीच टार्टनं आजही दुकानात कुळांच्या नावाने विकली जातात.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळं खोटंच की! इथे मला थोडं थांबायचंय. परंपरा नवी आहे म्हणून ती खोटी होत नाही. आपल्या लग्नात पाहुण्यांना सरसकट भगवे फेटे बांधतात, ते किती पिढ्यांपूर्वीपासून? आपल्याकडे शिंदेशाही पगडी होती, होळकरशाही होती. नाव घराण्याचं, पण ती घालणारा प्रत्येक जण काही शिंदे किंवा होळकर नव्हता. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणून ती पुण्याबाहेरच्या पाहुण्याच्या डोक्यावर ठेवायची नाही असं कुणी म्हणत नाही. उलट, पाहुण्याचा मान म्हणूनच ठेवतो.

तेव्हा परंपरा नवी की जुनी, हे मला तितकं महत्त्वाचं वाटत नाही. मला खटकतं ते दुसरंच. १८२२ च्या त्या सोहळ्यात ग्लेनगॅरीचा मॅकडोनेल होता. हो, तीच ग्लेनगॅरी, जिथे रॉलिन्सनची भट्टी होती. पोशाखाचा त्याला भारी अभिमान. अस्सल हायलँडरांची म्हणून त्याने संस्थाच काढली होती. आणि हाच माणूस स्वतःच्या कुळांना जमिनीवरून उठवत होता, कारण जमिनीवर माणसांपेक्षा मेंढ्या ठेवल्या तर पैसा जास्त. सदर्लंड जहागिरीत १८१४ मध्ये लोकांच्या घरांना आगी लावल्या. कारभारी पॅट्रिक सेलरवर १८१६ मध्ये खटला चालला, तो निर्दोष सुटला. माणसं किनाऱ्यावर ढकलली गेली, कॅनडाला गेली. म्हणजे राजधानीत ज्या वर्षांत त्यांच्या पोशाखाचा उत्सव चालला होता, त्याच वर्षांत ते नेसणारी माणसं डोंगरातून हाकलली जात होती.

आता पनवेलला येऊ. आपल्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोळीनृत्य नाही असं वर्ष जात नाही. मुलं चौकड्यांचा रुमाल कमरेला बांधतात, पुढे तिकोनी टोक येतं. तो सुरका. माझ्या त्या विद्यार्थ्याचे आजोबा रोज नेसायचे. मचव्यावर जाणाऱ्या माणसाचं ते कामाचं वस्त्र, भिजलं तरी लगेच वाळणारं. आज तो स्टेजवर दिसतो. खाडीवर कितीसा दिसतो? १९७० मध्ये सिडको आली, गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याची योजना त्या रक्तातून आली. मग विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, टेकडी कापली, दहा वस्त्या उठल्या. मी विकासाविरुद्ध बोलत नाहीये, मीही त्याच रस्त्याने येतो. पण नाचात सुरका बांधणाऱ्या मुलाला खाडीतली मासेमारी का आटली हे आपण सांगतो का? सांगत नसू, तर आपणही एडिंबऱ्याच्या त्या मिरवणुकीतच उभे आहोत.

तर दोन दिवसांनी मी त्याला फोन केला. म्हटलं, बाबा रे, घाल. कायदा तुला अडवत नाही. कुठल्याही कुळाचं टार्टन कुणीही घालू शकतो. बाल्मोरल नावाचं एक मात्र राजघराण्यासाठी राखून ठेवण्याचा प्रघात आहे, ते सोड. कुणाच्या आडनावाचं घ्यायला संकोच वाटत असेल तर सर्वांसाठी चालणारी आहेत, ब्लॅक वॉच आहे, कॅलेडोनिया आहे. शहरांची, जिल्ह्यांची आहेत. २००८ च्या कायद्याने तिथे टार्टनची सरकारी नोंदवही झाली, ती २००९ पासून चालू आहे. तिच्यात नवं टार्टन कुणालाही नोंदवता येतं. १९९९ मध्ये तिथल्या एका शीख गृहस्थांनी सिंग नावाचं टार्टन करून घेतलं, तेही आज लोक घालतात. फक्त जे निवडशील त्याची गोष्ट माहीत करून घे. कुणी विचारलं तर सांगता आली पाहिजे. एवढा मान त्या कापडाला द्यायचा.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, ब्लॅक वॉच म्हणजे फौजेचंच ना? हायलँडवर पाळत ठेवायला उभारलेल्या पलटणीचं?" बघा, पोराने वाचलं होतं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग ते नको. मी शहराचं घेतो. इथे चार वर्षं राहिलोय, तेवढं तर माझं आहे."

पुढे म्हणाला, "आणि आजीला फोन करतोय. आजोबांचा सुरका ट्रंकेत आहे का बघायला सांगतो."

तो सापडला का, हे मी अजून विचारलेलं नाही. पण तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अशी ट्रंक आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर ती उघडावी, आणि घरात जे म्हातारं माणूस असेल त्याला विचारावं, हे कुणी नेसायचं, कुठे आणि कशासाठी. ते लिहून ठेवा.