वही घेणाऱ्या मुलावर ऋण कोणाचे?

जूनमध्ये शाळा उघडल्या की कोकणात वह्यावाटप सुरू होते. शाळा रत्नागिरी शहरातली असो की खाडीपुलापलीकडच्या भाट्यासारख्या गावातली, कार्यक्रमाची रीत बहुधा एकच. व्यासपीठावर देणारे, पटांगणात सगळी शाळा, आणि नाव पुकारले की उठून पुढे जाणारी मोजकी मुले. मूल वही घेते, वाकून नमस्कार करते, फोटो निघतो. मग कोणी वक्ते सांगतात, मुलांनो, हे उपकार विसरू नका.

या रिवाजामागचे मत मांडणारी माणसे भली असतात, म्हणून त्यांची बाजू आधी मांडतो. घेणाऱ्याने देणाऱ्याला ओळखल्याशिवाय कृतज्ञता रुजत नाही, हे एक. कृतज्ञता दिसली नाही तर देणारा पुन्हा येत नाही, हे दुसरे. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यापासून सगळे हक्काचेच वाटू लागल्यामुळे मुलांची उपकाराची जाणीव बोथट झाली, हे तिसरे. मला हे तिन्ही मुद्दे अमान्य आहेत. पहिला तर, ज्या परंपरेचा हवाला देऊन तो सांगितला जातो, त्या परंपरेलाही मान्य नाही.

रत्नागिरी जिल्ह्याचेच सुपुत्र भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’त दान आणि उत्सर्ग यांतला फरक स्पष्ट केला आहे. दानाला प्रतिग्रह करणारा, म्हणजे स्वीकारणारा, लागतो; देणाऱ्याची मालकी सुटते आणि घेणाऱ्याची सुरू होते. विहीर, तळे, बाग, धर्मशाळा ही लोकोपयोगी पूर्तकर्मे मात्र सर्वांसाठी सोडायची असतात; हा उत्सर्ग. तिथे देणाऱ्याची मालकी संपते, पण ती कोणा एकाकडे जात नाही. म्हणूनच तळे बांधणारा स्वतःही त्या तळ्याचे पाणी पिऊ शकतो, चारचौघांतला एक म्हणून. शाळेला दिलेले धन या दुसऱ्या वर्गातले आहे. तिथे प्रतिग्रह करणारा कोणी नाही. वही घेणाऱ्या मुलाला व्यासपीठावर उभे करून आपण त्याला बळेच प्रतिग्रहीता बनवतो, आणि जे ऋण शास्त्रानेही त्याच्यावर टाकले नाही ते त्याच्या माथी मारतो. बरे, हे साधे दानच आहे असे घटकाभर धरले, तरी गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दानच सात्त्विक ठरते. मानाशिवाय दिलेले तामस. सर्वांसमोर नाव पुकारून मुलाची गरिबी जाहीर करण्यात त्याचा मान कुठे राहिला?

हाच भेद आपल्या दगडांवर आणि तांब्यावर कोरलेला आहे. कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत ज्याला जमीन दिली त्याचे नाव आणि गोत्र बारकाईने येते, कारण ते दान होते. उलट कार्ल्याच्या चैत्यगृहात एकेका खांबावर देणाऱ्याचे नाव आहे. देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा एक व्यापारीही आहे. नाशिकच्या लेण्यांत देणगी ‘चारी दिशांच्या भिक्षुसंघाला’ दिलेली आढळते. तिथे राहून गेलेल्या भिक्षूंची यादी कोणी कोरली नाही. म्हणून देणाऱ्याचा नामफलक लावायला माझी मुळीच हरकत नाही. रत्नागिरीच्या महाविद्यालयाला गोगटे आणि जोगळेकर ही नावे आहेत आणि ती असावीत. नाव देणाऱ्याचे लागावे, घेणाऱ्याचे नको, एवढेच.

आता दुसरा मुद्दा, देणारे आटतील हा. रत्नागिरी जिल्ह्याचा अनुभव वेगळा आहे. धोंडो केशव कर्व्यांनी ‘मुरुड फंड’ काढला तो गावाबाहेर कमावणाऱ्या मुरुडकरांकडून थोडे थोडे जमवून. संगमेश्वरच्या शाळेने तर ‘पैसा फंड’ हे नावातच धरून ठेवले आहे. मुंबईकर चाकरमान्यांच्या कितीतरी ग्रामस्थ मंडळांनी गावच्या शाळेवर कौले चढवली, वर्गखोल्या बांधल्या. एवढ्या सगळ्यांना कोणते मूल वाकून नमस्कार करणार होते? आपला पैसा शाळेला लागला याची खात्री असली की माणसे देत राहतात.

तिसऱ्या मुद्द्याला उत्तर कर्व्यांच्याच बालपणात आहे. मुरुडच्या शाळेतले सोमण गुरुजी हे त्यांच्या सार्वजनिक वृत्तीचे मूळ. गुरुजींना पगार मिळत होता आणि शिकवणे हे त्यांचे कामच होते, तरी कृतज्ञता उपजली, कारण गुरुजींनी नेमून दिलेल्या कामापेक्षा खूप अधिक दिले. हक्क असला की कृतज्ञता मरते, हे खरे नाही. आणि ती कृतज्ञता वळली कुठे? १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाकडे, १९१६ साली महिला विद्यापीठाकडे, १९३६ साली अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळाकडे. गुरुजींचे घेतलेले कर्व्यांनी गुरुजींना कधीही न पाहिलेल्या मुलींना आणि खेड्यातल्या पोरांना दिले.

तेव्हा मुलांना कृतज्ञता शिकवायचीच असेल, तर घेण्याच्या रांगेत उभे करून ती येणार नाही. त्यांना देऊ द्यावे, आणि वही मिळालेल्या मुलालाही देऊ द्यावे. भाट्याला तर हे फार सोपे आहे. गावातच प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. तिथले एक रोप शाळेच्या आवारात लावता येईल. बाणवली जातीच्या माडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. पहिलीत माड लावून त्याला पाणी घालणारे मूल चौथी संपवून बाहेर पडेल तेव्हा झाडावर नारळ नसेल. ते खाणार कोण, हे त्याला ठाऊक नसेल, आणि तरी रोज पाणी घातलेले असेल.

देणाऱ्यांसाठीही वेगळी सोय हवी, तिची आज फार हेळसांड होते. देणगी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने घ्यावी, पावती आणि आभाराचे पत्र शाळेच्या नावाने द्यावे, आणि वर्षाअखेरीस पालकसभेत खर्चाचा हिशेब वाचून दाखवावा. वह्या जमतील तेव्हा सगळ्या वर्गाला वाटाव्यात. तेवढ्या नसतील, तर कोणाला मिळाल्या ती यादी वर्गशिक्षकांच्या कपाटाबाहेर जाऊ नये.