बासरची वाट आणि पॉइंटचा डबा

धर्माबादला चहा घेऊन आम्ही निघालो. गाव मागे पडते न पडते तोच गाडीचा आवाज तुटला. आधी धक्के नाहीत, फटाके नाहीत, धूर नाही. बोलता बोलता माणूस मध्येच गप्प व्हावा तशी गाडी गप्प झाली. २०१३ सालचा डिसेंबर होता. मागच्या सीटवर चार वर्षांची नात, तिच्या हातात नवी कोरी पाटी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बासरला सरस्वतीपुढे तिचा अक्षराभ्यास ठरलेला.

बासर आमच्या गोव्यात फारसे कुणाला ठाऊक नाही. आम्ही दसऱ्याला घरीच सरस्वतीपूजन करतो, पाटीवर श्री काढतो आणि मूल शाळेत घालतो. पण नांदेड-परभणीकडच्या मराठी घरांत मुलाला बासरला नेऊन पहिले अक्षर गिरवायला लावण्याची चाल आहे, आणि माझी सून तिकडची. गोदावरीकाठचे हे ज्ञानसरस्वतीचे देऊळ व्यासांनी स्थापिले अशी कथा सांगतात. व्यास रोज नदीतून मूठ मूठ वाळू आणून देवींच्या मूर्ती घडवीत, म्हणून आजही मूर्तीला हळदीचा लेप असतो आणि तीच हळद प्रसाद म्हणून देतात.

या गावाचा पत्ता मात्र सारखा बदलत गेला. निजामाच्या राज्यात मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो आदिलाबादला जोडून आंध्र प्रदेशात गेला. आम्ही गेलो तेव्हा बासर आंध्रातच होते. २ जून २०१४ रोजी ते तेलंगणात आले आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. पत्ता बदलला तरी रस्त्यावरची मराठी काही गेली नाही, हे त्या संध्याकाळी आमच्या फार कामी आले.

आता गाडीविषयी. ती १९६० सालची फोक्सवॅगन बीटल, माझ्या मामांची. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या काही वर्षांत गोव्यात खनिजाचा पैसा खेळू लागला होता. भारताने १९५५ साली आर्थिक नाकेबंदी केली, पण समुद्र मोकळा होता. मुरगाव बंदरात लोहखनिज चढे आणि परदेशी माल उतरे. त्या मालात जर्मन गाड्याही असत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि या गाड्या एकाएकी पोरक्या झाल्या. भारतात तेव्हा अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड, एवढेच मोटारींचे जग. परदेशी सुटे भाग आणणे जवळजवळ अशक्य. या गाड्या पुढे कित्येक वर्षे धावल्या त्या आमच्या मडगाव-म्हापशाच्या मिस्त्रींच्या जिवावर. फियाटचे हे, अँबॅसडरचे ते, असे जुळवत त्यांनी त्या चालत्या ठेवल्या.

अशी ही गाडी मी लांबच्या प्रवासासाठी 'सुधारून' घेतली होती. तिची मूळची ६ व्होल्टची वायरिंग मामांनीच कधी काळी १२ व्होल्टची केली होती. मी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा छोटा तुकडा बसवला. सहा महिने गाडी अशी धावली की विचारू नका. चोर्ला घाट तिने एका दमात चढला. आणि आता ती धर्माबाद-बासर रस्त्यावर निपचित पडली होती.

पॉइंट म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. पेट्रोलच्या इंजिनात नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. या कामी पहिली मोठी कामगिरी स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याची. १८८७ साली त्यांनी मॅग्नेटो बनवला तो जागेवरच्या इंजिनासाठी. दहा वर्षांनी तो एका तीनचाकी वाहनावर बसला, आणि १९०२ मध्ये त्यांच्याच कारखान्यातल्या गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, तो स्वतःच्या फिरण्यातून वीज काढतो. मग अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारी पद्धत बसवली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचाच सेल्फ स्टार्टर आला. स्टार्टरसाठी बॅटरी गाडीत ठेवावीच लागली, मग ठिणगीही तिच्याचकडून घेणे सोयीचे झाले.

केटरिंगची युक्ती अगदी साधी. पॉइंट म्हणजे धातूची दोन टिकली. ती मिटली की कॉईलमध्ये प्रवाह वाहतो. डिस्ट्रिब्युटरमधल्या दांड्यावरचा उंचवटा त्यांना उघडतो, प्रवाह तुटतो आणि कॉईलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उठतो. तोच प्लगवर ठिणगी होऊन पडतो. टिकल्या जळू नयेत आणि प्रवाह झटक्यात तुटावा म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. एवढ्या भांडवलावर जगाच्या मोटारी साठ वर्षे चालल्या.

या पद्धतीचा दोष म्हणजे झीज. पॉइंटची टाच उंचवट्यावर घासून झिजते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडत जाते. अमेरिकेत १९७० नंतर धुराचे नियम कडक झाले. दर काही हजार मैलांनी टायमिंग हलणारी गाडी त्या नियमांत बसेना. क्रायसलरने १९७३ च्या आपल्या सर्व अमेरिकी गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले, ते बव्हंशी त्यामुळेच. पॉइंट गेले ते धुरामुळे, वाईट चालत होते म्हणून नव्हे. मी स्वतः हे फार उशिरा ध्यानात घेतले.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला टायमिंग जास्तच जपावे लागते. पाण्याच्या इंजिनात चूक झाली तर काटा वर चढून सांगतो. बीटलमध्ये पाणी नाही, रेडिएटर नाही, आणि मूळ गाडीत तापमानाचा काटाही नाही. शिवाय जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेतच उभा असतो, त्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला थंड वारा कमी पोचतो. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोके देते आणि तापते. उशिरा पडली तर एग्झॉस्टची बाजू तापते. म्हणून या इंजिनाला ठिणगी किती जोरदार आहे यापेक्षा ती वेळेवर आहे की नाही हे महत्त्वाचे.

असो. रस्त्याकडेला एका ट्रॅक्टर ट्रॉलीवाल्याने गाडी थांबवली आणि आम्हाला ओढत बासरच्या अलीकडच्या एका गॅरेजपर्यंत नेले. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी मागचे झाकण उघडून विचारले, "करंट येईना का?" मी म्हटले, "इलेक्ट्रॉनिक आहे हो ते." त्यांनी डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून आत पाहिले आणि विचारले, "चहाला थांबला तवा किल्ली बंद केली होती का?"

मी गप्प. नातीला गाणी ऐकायची होती म्हणून किल्ली चालूच ठेवली होती. माझ्या गाडीत होता तसल्या साध्या तुकड्यांतून इंजिन बंद असतानाही प्रवाह वाहत राहू शकतो आणि ते तापून मरतात. सोबतच्या कागदावर ते लिहिलेले होते. दोष त्या तुकड्याचा नव्हता, माझाच होता.

"जुने पॉइंट फेकले का ठेवले?" त्यांचा पुढचा प्रश्न. माझ्या मडगावच्या मिस्त्रीने काढलेली प्लेट बिस्किटांच्या डब्यात घालून पुढच्या डिकीत टाकली होती. मी त्याला तेव्हा हसलो होतो. डब्यात प्लेट निघाली, पॉइंट निघाले, कंडेन्सर मात्र मेलेला. मिस्त्रींनी एका मोडक्या अँबॅसडरचा कंडेन्सर आणला आणि तारेने डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच बांधला. पॉइंटची फट ०.४ मि.मी. हवी. फिलर गेज सापडेना, तेव्हा त्यांनी काडेपेटीचा पुठ्ठा फाडून फटीत धरला. मग एक छोटा बल्ब कॉईलला जोडला आणि पुली हाताने फिरवली. तिच्यावरची खूण क्रँककेसच्या दोन भागांच्या जोडरेषेसमोर येते त्याच क्षणी बल्ब लागला पाहिजे. डिस्ट्रिब्युटर केसभर इकडे, केसभर तिकडे. बल्ब लागला तेव्हा नात पाटी घेऊन शेजारीच उभी होती. "आबा, पेटली!" ती म्हणाली. मिस्त्रींनी पैसे घेतले ते फक्त कंडेन्सरचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षराभ्यास वेळेवर झाला. परतीचे साडेसातशे किलोमीटर गाडी त्याच कंडेन्सरवर आली.

घरी आल्यावर मी पुन्हा निवड करायला बसलो. या वेळी 'उत्तम कोणते' असे न विचारता 'बंद पडल्यावर काय' असे विचारले, आणि उत्तरे बदलली.

पहिली गोष्ट, डिस्ट्रिब्युटरचा दांडा. तो हाताने हलवून पाहिला तर चक्क खिळखिळा. दांडा डुलत असेल तर प्रत्येक फेऱ्यात पॉइंटची फट बदलते. इलेक्ट्रॉनिकने गाडी सुधारली असे मला वाटले, त्यातला निम्मा गुण या जुन्या दुखण्यावर पांघरूण घातल्याचा होता. दुसरी गोष्ट, कॉईल. जाहिरातीत चाळीस हजार व्होल्ट लिहिलेले असतात. पण प्लगच्या फटीतून उडी मारायला जेवढा दाब लागतो तेवढाच चढतो, उरलेला कागदावरच राहतो. चांगली, योग्य रोधाची साधी कॉईल पुरते. तिसरी गोष्ट, ठिणगी पुढे घेण्याची व्यवस्था. नुसत्या वजनांवर चालणारा डिस्ट्रिब्युटर वेगाला ठीक असतो, पण हळू चालीत अॅक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळते. व्हॅक्यूम आणि वजने दोन्ही असलेला असेल तर शहरात नि घाटात दोन्हीकडे सुख.

चौथी गोष्ट सीडीआय. हा डबा ठिणगी जोरदार देतो, काजळी धरलेला प्लगही पेटवतो. त्याचा एक प्रकार जुन्या पॉइंटनाच इशाऱ्यापुरते वापरतो. त्यांतून किरकोळ प्रवाह जातो म्हणून ते जळत नाहीत, आणि डबा मेला तर दोन तारा बदलून मूळ पद्धतीवर परतता येते. ज्याला एकच डिस्ट्रिब्युटर परवडतो त्याला मी हाच मार्ग सांगेन.

मी स्वतः काय केले? व्हॅक्यूमचा चांगला डिस्ट्रिब्युटर घेऊन त्यात इलेक्ट्रॉनिक तुकडाच बसवला. टायमिंग स्थिर राहते, आणि या इंजिनाला तेच हवे. जुन्या डिस्ट्रिब्युटरला नवे बुश घालून, पॉइंट-कंडेन्सर लावून, टायमिंग जुळवून तो क्लॅम्पसकट डिकीत ठेवला. बीटलच्या डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची जीभ मधोमध नसते, त्यामुळे तो उलटा बसूच शकत नाही. एक नट सोडला की क्लॅम्पसकट बाहेर, दुसरा आत. अंधारातही जमते.

मेक्सिकोत ३० जुलै २००३ रोजी शेवटची जुनी बीटल बाहेर पडली तेव्हा त्या इंजिनातही पॉइंट उरले नव्हते. कारखान्यानेच ते सोडले, मग मी धरून का बसावे? पण मेक्सिकोतल्या गिऱ्हाइकाच्या मागे कारखाना उभा होता. माझ्या गाडीमागे १९६१ पासून कुणी उभे नाही. तिच्यामागे उभे आहेत ते मडगावचा माझा मिस्त्री आणि बासरजवळच्या पत्र्याच्या शेडमधले ते गृहस्थ. त्यांच्या हाताला समजेल असे काहीतरी गाडीत असले पाहिजे, एवढीच माझी अट.

बासरचा कंडेन्सर त्या सुट्या डिस्ट्रिब्युटरवर अजून आहे. नात आता मोठी झाली, माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवील असे दिसते. पण उतरताना ती अजूनही आधी विचारते, "आबा, किल्ली काढली ना?"