पानशेतचा जबाब

मिरा-भाईंदरला खाडी आहे, समुद्र आहे, मिठागरे आहेत; परंतु गावाची तहान भागवील अशी मोठी नदी नाही. आपल्या नळाला येणारे पाणी शहाड-टेमघरहून, बारवीच्या धरणातून, म्हणजे दुसऱ्यांच्या हातून येते. त्या हातांनी आपले काम चोख केले असेल या विश्वासावर आपण निश्चिंत झोपतो. हा विश्वास फसला तर त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे, हा प्रश्न म्हणून आपल्याही घरचा आहे. महाराष्ट्रात तो उग्र रूपाने उभा राहिला, तो पानशेतच्या वेळी.

१२ जुलै १९६१. आंबी नदीवरील नवे पानशेत धरण सकाळी सातच्या सुमारास फुटले. सुटलेला लोंढा खालच्या खडकवासला धरणावर येऊन आदळला. १८७९ साली पुरे झालेल्या त्या दगडी धरणाने काही तास त्याला थोपवून धरले. मग तेही फुटले. मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले, जुने वाडे बसले, हजारो कुटुंबे उघड्यावर आली. आणि पूर ओसरल्यावर त्याच शहरात प्यावयास पाणी नव्हते, कारण खडकवासल्याचा साठाच वाहून गेला होता. लोकांनी वाड्यांतले जुने आड उपसले.

हा केवळ पावसाचा कोप म्हणता येत नाही. काम मूळच्या अंदाजापेक्षा एक वर्ष आधी पुरे करावयाचे ठरले आणि १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडविण्यात आले. मातीच्या बंधाऱ्याच्या पोटातून पाणी सोडणारी जी मोरी होती, तिच्या काँक्रीटमध्ये सळ्या घातलेल्या नव्हत्या. तिच्या दारांची व्यवस्थाही पुरी झालेली नव्हती. पाणी चढत गेले तसा मोरीवरचा भराव खचू लागला. आदल्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात वाळूच्या गोण्या रचीत होते. माणसाच्या जिद्दीची ती शर्थ होती. परंतु जे महिन्यांपूर्वी व्हावयास हवे होते, ते एका रात्रीत गोण्यांनी कसे भरून निघावे?

पुढे चौकशी आयोग बसला. न्यायमूर्ती बावडेकर यांच्या निधनामुळे ते काम न्यायमूर्ती नाईक यांनी पुरे केले. चौकशी आवश्यकच असते. तथापि कोणत्याही चौकशीचा एक स्वभाव आहे, तो ओळखून असावे. खालचा वरच्याच्या हुकुमाकडे बोट दाखवितो, वरचा खालच्याच्या अहवालाकडे, आणि दोघेही आकाशाकडे. दोष सर्वांत वाटला गेला की कोणाच्याच वाट्याला तो पुरता येत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि माणसे वाहून गेली. तेव्हा खेकड्यांनी बांध पोखरला, असे एका मंत्र्यांनी सांगितलेले आपण सर्वांनी ऐकले आहे.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेतले आहे. लॉस एंजेलिस शहराला शेकडो मैलांवरून पाणी आणणारा विल्यम मलहॉलंड हा अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण न घेतलेला, पाटाची साफसफाई करीत करीत मुख्य अभियंता झालेला गृहस्थ. त्याने बांधलेल्या सेंट फ्रान्सिस धरणातून गढूळ पाणी झिरपते आहे, असे तिथल्या राखणदाराने १२ मार्च १९२८ ला कळविले. मलहॉलंड स्वतः गेला, पाहिले, आणि धोका नाही असा निर्वाळा देऊन परतला. त्याच मध्यरात्रीच्या सुमारास धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. साक्षीच्या वेळी त्याने सांगितले की दुसऱ्या कोणावर ठपका ठेवू नका. माणसाच्या निर्णयाची चूक असेल तर तो माणूस मी आहे. धरणाचा एक काठ एका प्राचीन दरडीवर टेकलेला होता, हे भूगर्भशास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षांनी उलगडले. पण त्याने अशा कोणत्याही आडोशाची वाट पाहिली नाही.

आपल्याकडेही १९५६ साली अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी मंत्रिपद सोडले. मात्र दोन्हींत भेद आहे. शास्त्रीजींनी रूळ तपासले नव्हते; त्यांचा राजीनामा हा लोकशाहीचा संकेत होता. मलहॉलंडने धरण तपासले होते. त्याचा कबुलीजबाब हा ज्ञानाचा हिशेब होता. मंत्र्याचा राजीनामा घेऊन अभियंत्याचा हिशेब चुकता होत नाही, आणि अभियंत्याला निलंबित करून मंत्र्याचा.

परंतु कबुलीने गेलेले जीव परत येत नाहीत. म्हणून त्या चौकशीतील पंचांनी जो निष्कर्ष काढला तो आम्हांस कबुलीहूनही मोलाचा वाटतो: मोठे धरण कितीही थोर असलेल्या एकाच माणसाच्या निर्णयावर कधी सोपवू नये. जबाबदारी फुटल्यानंतर घ्यावयाची ती अर्धी. फुटण्यापूर्वी घ्यावयाची ती खरी. पानशेतला प्रश्न केवळ 'चूक कोणाची' एवढाच नव्हता. 'यंदा पाणी अडवू नका, काम कच्चे आहे' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला होता, आणि ते ऐकण्याची सक्ती कोणावर होती, हा खरा प्रश्न होता.

त्याचे थोडेफार उत्तर पुढे कायद्याने दिले. १९८० साली नाशिकला धरण सुरक्षितता संघटना स्थापन झाली. २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला, त्याने धरणाच्या मालकावर तपासणी बंधनकारक केली. तिवरे मात्र सांगते की तपासणीचा कागद आणि बांधावर चढलेला माणूस या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

समाज म्हणून आपणही याला जबाबदार असतो. मुदतीआधी काम पुरे करणाऱ्याला आपण हार घालतो. 'अजून तयार नाही' असे सांगणाऱ्याला अडवणूक करणारा म्हणतो. पूल, धरण, लोहमार्ग, रुग्णालय, काहीही असो, ज्या गावात हा दुसरा माणूस निर्भयपणे बोलू शकतो आणि त्याची बदली होत नाही, त्या गावात चौकशी आयोग बसविण्याची वेळ क्वचितच येईल.